सात ठिगळं

धारूरच्या नाक्यावर तन्वीर मेकॅनिकनं स्कूटीची ट्यूब पाण्यात बुडवली आणि उज्माची नजर ठिगळांवर गेली. "सात?" ती किंचाळली. तन्वीरला भेटायला निमित्त हवं म्हणून तिनं आजच्या आधी स्कार्फची पिन टोचून गाडी तीनदाच पंचर केली होती. "बाकी चार वेळा आफ्रीनबाजी आलत्या की," तो भाबडेपणानं म्हणाला. उज्माचं टाळकं सणकलं. सख्खी धाकटी बहीण, अन् माझ्याच गाडीला, माझ्याच पिनेनं! तिच्या झिंज्या उपटाव्यात, तर स्वतःच्या तीन ठिगळांचं काय सांगायचं? तेवढ्यात आफ्रीनच टपकली अन् ट्यूब बघून कडाडली, "आपा, सात? चारच तर..." तिनं जीभ चावली. दोघींनी एकमेकींकडं खाऊ का गिळू अशा नजरेनं बघितलं. तन्वीरच दोघींपेक्षा जास्त पेटला. "कुण्या नालायकानं लई छळलं तुमाला! आज ट्यूबलेस टायरच बसवतो. आता दोघींना इकडं यायचं कामच न्हाई!"