दारामागचे चंद्र

चंद्र रोज पाऊण तास उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच उशिरा येते. म्हणून नवरा अमावास्येपासून रोज रात्री दारामागे खडूनं एकेक चंद्र काढायचा, आधी वाढता, मग घटता, आणि सकाळी ते मोजून ओहोटीत शिंपले वेचायला जायचा. परवा आमचं कडाक्याचं भांडण झालं. काल तो चंद्र न काढताच भिंतीकडे तोंड करून झोपला. अबोला माझ्याशी होता, समुद्राशी कसला? त्याचा चंद्र मीच काढून ठेवला. पहाटे निघताना तो दारामागे घुटमळला. मला वाटलं, आपणहून बोलेल; मी झोपेचं सोंग घेतलं. दुपारी त्याला चादरीत गुंडाळून आणलं. दीर दारामागचे चंद्र मोजत होता. “वहिनी, एक चंद्र जास्त आहे, कालचा दोनदा काढलाय. दादा पाऊण तास उशिरा गेला, भरतीत सापडला.” मी चादर उघडली आणि अबोला सोडला. “कालचा मी काढला होता रे.”