टपावरचा तंबू

माणसाला माणसांपासून लांब घेऊन जाते तीच खरी गाडी, असं अभय जाधवचं ठाम मत होतं. हे मत त्याने मागे बसलेल्या नवव्या सवारीला ऐकवलं. आठवीला ऐकू कमी येत होतं. नववी सवारी म्हणजे कडुबा. तो "एकदम बरोबर" म्हणाला आणि दहाव्याला जागा करायला सरकला.

जीप गंगापूर-वैजापूर रस्त्यावरच्या एका फाट्यावर उभी होती. दहावा शेतातून पळत येत होता.

दुपारी छत्रपती संभाजीनगरहून निघताना गाडीत दोनच माणसं होती. अभय आणि त्याची बायको अमृता. अभय वाळूजच्या एका कारखान्यात दर्जा तपासणीचा प्रमुख. दोन वर्षांपूर्वी त्याने गंगापूरहून ही म्हातारी जीप आणली आणि तिच्या दर्जात लक्ष घातलं. गंज खरवडला. इंजिन उतरवून पुन्हा बांधलं. लष्करी हिरवा रंग दिला. चिखलात चालणारे टायर आले, मागच्या दाराशी घडीचं स्वयंपाकघर आलं, छोटा फ्रिज आला. टपावर घडीचा तंबू बसला. जुन्या गाडीचा आत्मा जपावा लागतो, म्हणून मागची लोखंडी शिडी आणि तीन सुरांत कोकलणारा हॉर्न मात्र त्याने मूळचाच ठेवला.

एवढं होऊन गाडी कॉलनीच्या बाहेर फारशी गेली नव्हती. ती पोर्चमध्ये होती आणि अमृताची स्कूटर उन्हात. शेवटी अमृताने निकाल दिला. "या शनिवारी डोंगरात झोपायचं. तुझ्या तंबूत, आपण दोघंच. झोपलो तर गाडी राहील. नाही तर रविवारी गिऱ्हाईक बोलावते."

म्हणून ते निघाले होते. वैजापूरच्या पुढे डोंगराच्या कुशीत एक तळं होतं. तिथे माणूस दिसत नाही, अशी अभयची पक्की माहिती होती.

गंगापूर मागे पडलं आणि या फाट्यावर शेळ्या आडव्या आल्या. अभयने हॉर्न दिला. शेळ्या हलल्या नाहीत. लिंबाखालची माणसं मात्र उठली.

सगळ्यांच्या पुढे गोजरबाई. सत्तरीच्या पुढची, डोक्यावर गाठोडं. मागच्या दाराची कडी जरा उचलून ओढावी लागते, हे अभयला कळायला महिना लागला होता. गोजरबाईने ती न बघता उचलली. गाठोडं स्वयंपाकघरावर ठेवलं आणि बसून घेतलं.

"दोन साल कुठं व्हती रं जीप? रंग दिला व्हय? आवाजावरून वळखली म्या."

गाडी विकणारा 'घरगुती वापर' म्हणाला होता. चौदा वर्षं ती याच रस्त्यावर सीट भरत होती, हे अभयला आत्ता कळलं.

"आजी, उतरा. ही गाडी खासगी आहे."

"मंग? सरकारी तर एसटी. तिची वाट बघून पाय मोडले."

अमृता खिडकीकडे तोंड करून हसली. दोन वर्षांत या गाडीने तिला पहिल्यांदाच हसवलं होतं.

फाट्यावरची जीप भरल्याशिवाय निघत नाही, हे तिथे अभय सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने "निघू का?" विचारलं, की मागून कुणीतरी म्हणे, "थांबा जरा, पाव्हणं येऊ राहिले." आणि पाव्हणं खरंच येत. फ्रिजवर कांद्याची गोणी आली. शिडीवर दोघं उभे राहिले. तीन जण थेट टपावर गेले.

"अहो, तंबू आहे तो!" अभय ओरडला.

"व्हय काका. लई मऊ हाय," वरून उत्तर आलं.

वाटेत एकेक सवारी उतरली. उतरताना प्रत्येकाने गाडी जरा आत घ्यायला लावली. ओढ्यातून, नांगरटीतून, ढेकळांवरून. चारही चाकं ओढणारा गियर आयुष्यात पहिल्यांदा पडला, तो कडुबाच्या गोठ्यापर्यंत जायला.

वैजापुरात शेवटी गोजरबाई राहिली. दिवस मावळत होता. तिच्या लेकीला नात झाली होती, म्हणजे गोजरबाईला पणती. परवापासून ती फाट्यावर येऊन बसत होती, आणि एसटी भरलेलीच येत होती.

"आन् तुमी आता कुठं?"

"डोंगरात," अभय घाईने म्हणाला. अजून वेळ होता. "तंबूत झोपणार आहोत."

गोजरबाईने अमृताकडे पाहिलं. आवाज खाली आणला.

"माय, घर गेलं का तुमचं?"

"नाही हो आजी. हौस आहे यांना."

गोजरबाईने मान हलवली. लाजेपायी माणसं असं बोलतात, हे तिला माहीत होतं. तिने अमृताचा हात धरला तो लेकीच्या ओसरीवर नेऊनच सोडला.

पिठलं-भाकरी झाली. ओसरीवर पंख्याखाली आठ अंथरुणं पडली, त्यातली दोन यांची. तळं वीस किलोमीटरवर होतं. अभय उंबऱ्याशी उभा राहून आपल्या हिरव्या गाडीकडे शेवटचं बघावं तसं बघत होता.

"उद्या कोण येणार आहे गाडी बघायला?" त्याने हळूच विचारलं.

अमृताच्या मांडीवर तीन दिवसांची पणती झोपली होती.

"उद्या कसं जमेल? सकाळी गोजरबाईला फाट्यावर सोडायचंय. कडुबालाही हो म्हणालेय मी."

"आणि तुझी स्कूटर?"

"स्कूटरवर बसतील का एवढे?"

जीप अजून जाधवांच्या पोर्चमध्येच असते. दर शनिवारी वैजापूरला जाते. तंबू अजून उघडलेला नाही. त्यावर तिघं बसतात.