शेवटच्या ओळीवर

आपल्यामागे नवऱ्याने घर कसं चालवावं, याच्या सूचना पत्नीने आजारपणात टाइप करून ठेवल्या होत्या. दिनकररावांनी ती फाइल एडिटरमध्ये उघडली आणि चुकीची कळ दाबल्याने त्यातली एक ओळ कायमची पुसली गेली. महिनाभर त्यांनी संगणकाला हात लावला नाही. आज जालन्याच्या ऑफिसला निघताना लेक म्हणाली, “बाबा, ‘मोअर’ आणि ‘लेस’ हे प्रोग्रॅम फाइल फक्त दाखवतात. म्हणजे आईचं एक अक्षरही हलणार नाही.” “दोन्हींत फरक काय?” “मोअर फाइल संपली की आपोआप बंद होतो. लेस शेवटच्या ओळीवर थांबतो, तुम्ही क्यू दाबेपर्यंत.” दिनकररावांनी खुर्ची संगणकाकडे ओढली. “थांबणारा दे.” संध्याकाळी लेक परतली तेव्हा पडद्यावर अजून शेवटची ओळ होती: ‘चष्मा कपाळावरच असेल, आधी तिथे बघा.’ क्यूच्या कळीवर त्यांनी कागदाचा कपटा चिकटवला होता.