फुंकर

या जुन्या कॉम्प्युटरचे माझ्यावर फार उपकार आहेत. माझ्या कार्टूनच्या कामावर घर चालतं, ते त्याच्याच जिवावर.

आज संध्याकाळपर्यंत फिल्म द्यायची होती, म्हणून त्याचा वेग वाढवायला बसलो. मल्टिप्लायर, म्हणजे प्रोसेसरचा गुणक, वाढवला की एकटा प्रोसेसर पळतो. बस म्हणजे आतल्या सगळ्या भागांना जोडणारी वाट; तिचा वेग वाढवला की तिच्याशी बांधलेलं सगळं घरदार पळतं. मल्टिप्लायर आधीच टोकाला होता, म्हणून बस वाढवली.

घाईत प्रोसेसर गार ठेवणाऱ्या पंख्याची वायर जोडायचीच राहिली. लक्षात आलं तेव्हा तास उलटला होता. कॉम्प्युटर तापून केव्हाच बंद पडायला हवा होता, पण तापमान पन्नासच्या वर गेलं नव्हतं.

कॉम्प्युटरच्या उघड्या डब्यात हात घातला. पंखा थांबलेलाच होता, तरी बोटांना गार वारा लागत होता. तीन फुंकरी, मग जरा विसावा, पुन्हा तीन. कोण आहे ते कळेना, पण मनातल्या मनात हात जोडले.

"दादा, इकडे ये," शेजारच्या खोलीतून बहीण म्हणाली. "आईला धाप लागलीये."

आई वर्षभर अंथरुणाला खिळलेली, एक शब्द बोललेली नाही. तिचे डोळे मिटलेले होते आणि ओठांचा चंबू झाला होता. तीन फुंकरी, मग जरा विसावा. लहानपणी माझं दूध ती अशीच निववायची.

मी बसचा वेग खाली आणायला धावलो. बटणावर बोट ठेवलं, तोच मागून आईचा आवाज आला.

"थांब रे राजा. अजून गरम आहे."