दोन हाका

"भूत दोनदाच हाक मारतंय. तिसरी मारायची त्याला परवानगी न्हाय," गणपतरावांनी नातीला बजावलं होतं. "आन् आवाज घरातल्याच कुणाचातरी काढतंय. दोन हाकांनी वळलीस की संपलं."

परवानगी कोण देतं, हे विचारायची सोय नव्हती.

उचगावच्या घरातून मळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर, उसाच्या कडेला, जुनी विहीर होती. तिचा कठडा मागेच ढासळला होता. कठडा बांधण्यापेक्षा भूत स्वस्त पडतं, म्हणून गणपतरावांनी तिथे एक ठेवून दिलं होतं. भूत कामाला चोख होतं. गल्लीतलं एकही पोर तिकडे फिरकत नसे.

संयोगिताला सायकलवरून एकटीनं शाळेला जायचं होतं. आई म्हणाली, आबा हो म्हणाले तर. आबा म्हणाले, "आधी एकटीनं डबा घिऊन मळ्यात ये. वाटंत परीक्षा घेतली जाईल."

आबा नकलाही छान करायचे. सरपंचांचा खोकला असा काढायचे, की खुद्द सरपंचांनी एकदा मागं वळून बघितलं होतं.

त्यामुळं भर दुपारी विहीर मागं टाकताना ती तयारीतच होती.

"अक्का!"

आवाज धाकट्या भावाचा, यशराजचा. पण यशराजला तर ती टीव्हीपुढं भात खाताना सोडून आली होती.

ऊस जरासा हलला. पुन्हा हाक आली. या वेळी घागरीत तोंड घालून बोलावं तशी.

"अक्का गं!"

संयोगितानं डबा छातीशी धरला. डब्याचं झाकण वाजायला लागलं. मान आपोआप वळायला बघत होती, तिला तिनं दातओठ खाऊन सरळ धरलं. तिसऱ्या हाकेची वाट बघत ती तशीच चालत राहिली. तिसरी आली नाही.

मोटरीच्या खोपीत गणपतराव तोंडावर टोपी घेऊन घोरत होते.

"आबा, उठा की! सोंग पुरं झालं."

"आँ?"

"यशराजचा आवाज लई बेस काढला. पर मी वळलीच न्हाय."

गणपतरावांनी टोपी बाजूला करून डोळे चोळले. मग मिशीतून हसले.

"वळखलंस व्हय?"

"मग काय! तो घागरीतला आवाज कसा काढला वो?"

"ते न्हाय सांगत. धंद्याची गोष्ट हाय ती."

दोघं जेवायला बसली. तिनं आधी कांदा फोडून त्यांना दिला. भीती कुठं वाटली, डब्याचं झाकण कसं वाजलं, सगळं सांगितलं. प्रत्येक वेळी गणपतराव मान डोलावत होते, आपल्याच कर्तबगारीची हकीकत ऐकावी तसे. भाकरी संपली तशी संयोगिता बांधावर ताठ उभी राहिली. सकाळपेक्षा उंच दिसत होती म्हणा, किंवा आजोबाला तसं वाटलं.

"भ्या वाटूनबी जो चालतोय, तो मोठा झाला बघ," ते म्हणाले. "लाव आईला फोन."

तिनं फोन लावून स्पीकरवर टाकला.

"सूनबाई, पोरीला सायकल द्या. पास झाली. भुताच्या बापाला ऐकायची न्हाय आता."

"द्यूया की, आबा," पलीकडून आई हसली. भांड्यांचा आवाज येत होता. "आन् येताना यशराजला तिच्यासंगटच लावून द्या. ताकाची बाटली ऱ्हायलीया म्हणून तिच्या मागनं पळालाय, अक्का अक्का करत."