थोडी विश्रांती

रसिकशेठांच्या नव्या गाडीचा वायपर रिमझिम पावसात एकदा काच पुसायचा, थांबायचा आणि जरा वेळानं आपणहून पुन्हा पुसायचा. ड्रायव्हर भिवाला वाटलं, बिघडला.

“बिघडला नाय, इलेक्ट्रॉनिक आहे,” शेठ कौतुकानं म्हणाले. “आत एक छोटी डबी आहे. ती करंट सोडते, एक फेरा झाला की तोडते, मग थोडं थांबून परत सोडते. पाऊस हलका असेल तर सारखं कशाला पळवायचं? मोटर तापत नाय, रबर झिजत नाय.”

भिवाची बायको चंद्रभागा शेठांच्याच लूमच्या कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. काल उकाड्यानं तिला तिथंच चक्कर आली, तर मुकादमानं तोंडावर पाणी मारून पुन्हा कामाला बसवलं होतं.

भिवानं धीर केला. “शेठ, कारखान्यात पण असं मधे मधे थांबायला मिळालं तर लई बरं होईल. दिवसभर सारखं चालून चालून जीव जातो.”

शेठ वायपरकडे बघत म्हणाले, “बराबर बोलला तू. माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. उद्याच करतो.”

दुसऱ्या दिवशी खरंच इलेक्ट्रिशियन आला. कांड्या भरणाऱ्या बायका आशेनं बघू लागल्या. त्यानं शिडी लावली आणि छताच्या पंख्याच्या वायरीत एक छोटी डबी बसवली. पंखा थोडा वेळ फिरला आणि थांबला.

“वर काय बघताय?” मुकादम ओरडला. “पंखा थांबलाय, काम नाही.”