बारावी डिस्क

अकराच.

राजेश्रीनं पुन्हा मोजल्या. पहिल्या सर्व्हरच्या चार, दुसऱ्याच्या चार, तिसऱ्याच्या तीन. सकाळी दहापासून स्क्रीन हेच सांगत होती आणि आता साडेबारा होऊन गेले होते.

काल संध्याकाळी तिनं स्वतःच्या हातानं बारा डिस्क बसवल्या होत्या. खट् असा आवाज बारा वेळा ऐकला, तिन्ही सर्व्हरची पुढची झाकणं लावली आणि मगच ती ताडकळसच्या बसला पळाली. मग एक गेली कुठं?

डॉक्टर शिवप्रकाशांच्या सोनोग्राफी सेंटरची ही नवी व्यवस्था. डिस्कचं वेगळं मोठं कपाट घ्यायचं नाही. ज्या त्या सर्व्हरच्या पोटात चार-चार डिस्क, आणि सगळ्यांचा मिळून एकच साठा सॉफ्टवेअरनं करायचा. नोंदणी, रिपोर्ट, फोटो, प्रत्येकाचं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरनं उभा केलेला कॉम्प्युटर, त्याच साठ्यावर चालणार. प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत दुसऱ्या सर्व्हरवर. कागदावर किती सोपं होतं!

फोन थरथरला. बन्सीधर सर, तिच्या कंपनीचे मालक.

"काय झालं, राजेश्री?"

"एक दिसंनाच, सर. कंट्रोलर तपासला. डिस्क थेट सॉफ्टवेअरच्या ताब्यात द्यायच्या, तशाच दिल्यात. तीनदा बंद-चालू करून बघितलं. अकरावरच चालू करू का?"

"अजिबात नाही. तिन्हीत सारख्या पाहिजेत. बारा दिसल्या की फोटो टाक, मग जा खुशाल घरी." सर थोडं थांबले. "सहा-सात महिने घरी बसलं की सवय मोडतेच म्हणा."

तिनं फोन ठेवला. बाळंतपणाच्या रजेनंतरचं हे पहिलंच काम. सात महिन्यांची चिमी गावी सासूबाईंजवळ होती आणि बाटली तोंडाला लावू देत नव्हती. 'बाराच्या बसनं येतेच' असं सांगून राजेश्री निघाली होती.

तिनं सर्व्हर चौथ्यांदा बंद करून चालू केला. आता दहा मिनिटं नुसतं बघत बसायचं. या दहा मिनिटांतच मन माणसाला खातं. बारा मोजल्या होत्या का आपण खरंच? की हात डिस्क बसवत होते आणि डोकं चिमीच्या डोसची तारीख मोजत होतं? परवा वरणात दोनदा मीठ पडलं. मागच्या आठवड्यात एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात नणंदेची चप्पल घालून ती थेट स्टँडवर पोचली होती.

पुन्हा फोन. सासूबाई, नर्मदाबाई. मागं चिमीचं रडणं. नेहमीचं नव्हे, घसा बसलेलं.

"वाटीनं पाजलं तर थुंकून टाकायली बघ. लय रडायली. निघालीस का न्हाई?"

"निघालेच, आई."

स्क्रीन उजळली. अकरा.

राजेश्री उठली आणि तिसऱ्या सर्व्हरचं झाकण तिनं ओढूनच काढलं. तीन डिस्कचे हिरवे दिवे आणि चौथ्या जागी काळी, मोकळी खाच. ती बघतच राहिली. अडीच तास! अडीच तास ती कॉम्प्युटरला विचारत बसली होती.

"डॉक्टर, इथली डिस्क?"

डॉक्टर शिवप्रकाश दारात आले. कपाळावर ताजी विभूती.

"ती होय? ती सकाळी आईनं नेली. नव्या मशीनची पूजा करायची म्हणाली. आता एवढं धूड देवापुढं न्यायचं कसं? म्हटलं, एक पीस काढून देऊ. बटण दाबलं की निघतीय की. काही बंद तर पडलं नव्हतं."

शेजारच्या खोलीत पाटावर पितळी ताम्हण होतं. ताम्हणात डिस्क. वर विभूतीची तीन बोटं, बेलाचं पान, आणि डिस्क निम्मी बुडेल एवढं दूध. डॉक्टरांच्या आई, उमादेवी, बाजूला बसल्या होत्या. गळ्यातलं चांदीचं लिंग पदराआड सारत त्या कौतुकानं हसल्या.

"आजी, ही धुतली?"

"धुतली न्हाई बाय, अभिषेक केला. स्वामी येऊन गेले. आता झालंय, घिऊन जा. पुसून लाव. दूधच तर हाय, दुधानं काय होतंय?"

राजेश्रीनं डिस्क उचलली. जोडणीच्या सोनेरी दातांमधून दुधाचा एकेक थेंब ताम्हणात पडत राहिला.

तिनं सरांना फोन केला. ते आधी पोटभर हसले.

"मग कर की अकरावर चालू! एक नसली तरी काम अडत नाही, म्हणून तर हे घ्यायला लावलं त्यांना. बारावी उद्या पाठवतो. आधीच बोलायचं ना."

आधीच. ती फोनकडं बघत राहिली, मग खुर्चीत बसली. अकरा डिस्कवर साठा पाव तासात उभा राहिला. डॉक्टरांनी सही केली. दोनच्या बसला वीस मिनिटं होती.

पिशवी उचलताना तिला ते जाणवलं. कुर्ता छातीशी ओला झाला होता, दोन्हीकडं, आणि गार लागत होता. तिनं ओढणी घट्ट ओढून मुठीत धरली आणि मान खाली घालून निघाली.

दारात उमादेवी पळी-भांडं घेऊन उभ्या.

"थांब की बाय, तशीच कशी निघालीस? तीर्थ घे."

एका मुठीत ओढणी धरून राजेश्रीनं दुसरा हात पुढं केला. पळीभर दूध तळहातावर पडलं.

पिशवीत फोन वाजायला लागला. तिचे दोन्ही हात गुंतलेले होते.